याजकाच्या घरची पोरगी

मिल्का आत्याला ते कळलं तेव्हा घरात पाहुण्यांची गडबड उडालेली होती, म्हणजे कळू नये अशाच वेळी कळलं.

चंद्रदर्शनाची शिंगं सकाळीच मंदिरावरून वाजून गेली होती. वेदीवरचा याजकाचा वाटा, बळीच्या जनावराचं ऊर आणि मांडी, टोपलीत झाकून भाचा हशब्या घरी आला होता आणि त्याच्या तागाच्या झग्याला अजून धुराचा वास येत होता. मिल्का मागच्या अंगणात भट्टीचा विस्तव सारखा करत होती. भिंतीच्या पलीकडे लोकर धुणाऱ्या मजूर बायका जेवायला बसल्या होत्या, आणि त्यांच्यात बसून तिची भाची, विधवा होऊन माहेरी परतलेली तिर्सा, जवाची भाकर खात होती. अगदी चोरून नव्हे, पण घराकडे पाठ करून.

याजकाच्या घरात ही साधी गोष्ट नव्हती. घरच्यांनी खायची ती पवित्र वाट्याची गव्हाची भाकर, जवाची असायची ती मजुरीवर येणाऱ्यांसाठी. विकत घेतलेल्या गुलामाला पवित्र वाटा चालतो, मजुराला चालत नाही. याजकाची लेक परक्या घरी दिली की तिलाही चालत नाही. मात्र ती विधवा होऊन परत आली आणि तिला मूलबाळ नसलं, तर तरुणपणी होती तशीच ती पुन्हा बापाच्या घरची मुलगी होते आणि बापाची भाकर खाते. मूलबाळ नसलं तरच.

मिल्काला हा नियम झोपेतही म्हणता आला असता, कारण तिचा सगळा जन्म त्याच्यावर उभा होता. सासरी दोन हिवाळे काढून ती रिकाम्या हातांनी परत आली आणि या घरची मुलगी झाली, ती झालीच. केस पांढरे झाले, पुढचा दात गेला, तरी तिची जेवायची जागा मुलींच्या टोकाला. थोरला भाऊ यदाया, हशब्या-तिर्साचा बाप आणि या घरचा कर्ता याजक, अजून तिला ‘पोरी’ अशीच हाक मारायचा. शेजारणींच्या नातवंडांना त्याचं भारी हसू यायचं. मिल्काही हसायची. न हसून करते काय?

तिने तिर्साला खुणेने बोलावलं.

“किती दिवस चाललंय हे?”

“काय?”

“मला शिकवू नकोस. जव चावायची हौस कुणाला येत नसते.”

तिर्साने हातातला तुकडा आधी तोंडात टाकला, सावकाश चावला, गिळला आणि मग म्हणाली, “हनान गेला तेव्हाच असणार, आत्या. मला वाटलं, रडून रडून अंग आटलं. मग एक दिवस पोटात हललं.”

मिल्का आहे तिथेच मटकन खाली बसली. तिला आनंद झाला. आणि त्याच्या मागोमाग, लाज वाटावी अशा घाईने, भीतीही वाटली. तिर्सा परत आल्यापासून मुलींच्या टोकाला तिच्याशी कुजबुजायला कुणीतरी होतं.

“आणि तेव्हापासून बापाचं वाढलेलं खात नाहीस?”

“बाबा स्वतःच्या हाताने वाढतात. आपल्या पोटात परक्या घरचं मूल आहे हे ठाऊक असून मी ते खाल्लं, तर पाप त्यांच्या माथी. माझा वाटा मी गुलामांच्या ताटात सरकवते. त्यांना चालतं.” ती फिस्सकन हसली. “विकत घेतलेल्याला चालतं, पोटच्या पोरीला चालत नाही. बघ ना गंमत.”

“मग सांग की बापाला!”

“आज? सासरे येतायत आज. भाऊजींना घेऊन.”

ते सगळ्या घरालाच ठाऊक होतं. तिर्साचे सासरे बरख्या म्हणजे राजवाड्याचे खानगी कारभारी. त्यांचा थोरला मुलगा हनान निपुत्रिक गेला असं सगळे धरून चालले होते. त्याचं नाव पुसलं जाऊ नये म्हणून धाकट्या एल्यासाफने वहिनीला आपल्या घरात घ्यायचं, नाहीतर वेशीत पंचांसमोर नकार द्यायचा. नकार दिला की विधवा त्याच्या पायातला जोडा काढते, त्याच्यासमोर थुंकते, आणि मोकळी होते. त्याच्या घराला मात्र ‘जोडा काढलेल्याचं घर’ हे नाव कायमचं चिकटतं.

“न सांगितलं तर भाऊजींच्या गळ्यात पडते,” तिर्सा म्हणाली. “सांगितलं तर सासरे उभ्या उभ्या उचलून नेतील. आणि तिथे अहलाई आहे.”

अहलाई म्हणजे एल्यासाफची बायको. तिला मूल नव्हतं आणि जीभ होती.

“पोर जन्मलं की तिच्या मांडीवर, आणि मी कोपऱ्यात, दूध पाजण्यापुरती. हनानची आई असती तर गोष्ट वेगळी. पण त्या घरात माझ्या बाजूने बोलणारं कुणी नाही गं.”

“मग तुला हवंय तरी काय?”

“पोराला हनानचं नाव हवं. आणि पोर माझ्या मांडीवर हवं. दोन्ही.”

“दोन्ही म्हणे! वाढून ठेवलंय.”

“म्हणून तर गप्प आहे. इथेच राहिले असते, पण...” तिर्साने तिचा हात धरला. “रागावू नकोस हं. तुझ्यासारखं पोरगी राहून मला म्हातारं नाही व्हायचं.”

मिल्काला ते लागलं. खरं होतं म्हणून जास्तच लागलं. भाकरी करपतायत असं काहीतरी पुटपुटत ती उठली आणि भट्टीकडे गेली. भट्टीत अजून भाकरी टाकलेल्याच नव्हत्या.

पाहुणे आले ते वेळेच्या आधी. संध्याकाळी महाराजांच्या पंक्तीची व्यवस्था बरख्यांनाच पाहायची होती, त्यामुळे राजवाड्याची लांबलचक लाकडी किल्ली, त्यांच्या हुद्द्याची खूण, खांद्यावर तशीच. माणूस थोर होता, पण मुलगा गेल्यापासून किल्लीच्या बाजूचा खांदा जरा जास्त उतरल्यासारखा दिसे. मागे एल्यासाफ. तो चिटणिसांच्या कचेरीत लिहायला होता, बोटांची टोकं शाईने काळी. आणि पायात जोडे असे आवळलेले, की वादीवर दुहेरी गाठ आणि गाठीवर आणखी एक गाठ.

“या, या, कारभारी!” हशब्या पुढे धावला. मंदिरात दुय्यम याजकाची जागा रिकामी होणार होती आणि महाराज बरख्यांचं ऐकतात हे सगळ्या यरुशलेमला ठाऊक होतं. आपली बहीण पुन्हा त्या घरात जावी असं हशब्याला मनापासून वाटत होतं. बहिणीचं भलं आणि आपलं भलं त्याला एकाच ठिकाणी दिसत होतं, आणि अशा वेळी माणसाला स्वतःचा संशय येत नाही.

“व्याही, प्रकृती कशी आहे?” बरख्यांनी विचारलं.

“हात कापतो,” यदाया म्हणाला. “वेदीवर द्राक्षारस ओतताना बाहेर सांडतो. म्हणून आता घरी वाढायचं तेवढं काम.” आणि तो हसला.

घरातली मुलगी पाहुण्यांचे पाय धुते. तिर्सा घंगाळ घेऊन आली. सासऱ्यांचे पाय धुतले, पुसले. मग ती एल्यासाफसमोर गुडघ्यांवर बसली आणि सवयीने त्याच्या जोड्याच्या वादीला हात घातला.

एल्यासाफ विंचू चावल्यागत उडाला.

“इथे नाही! इथे नाही, वहिनी!” तो ओरडला. “वेशीत! पंचांसमोर! मी अजून नाही म्हटलेलं नाही!”

घंगाळ कलंडलं, पाणी हशब्याच्या तागाच्या झग्यावर. क्षणभर कुणाला काही उमजेना. मग मिल्काला उमजलं, आणि तिने पदर तोंडात कोंबला.

“भाऊजी,” तिर्सा म्हणाली, “मी पाय धुवत होते.”

“हो का,” एल्यासाफ म्हणाला. त्याचे कान लाल झाले. “मला वाटलं, सुरू झालं.”

बरख्यांनी कपाळाला हात लावला. “चिटणीस म्हणतात, मुलगा हुशार आहे. चिटणीस आजवर खोटं बोलले नव्हते.”

यदाया खदखदून हसला. तिर्सा हसायला लागली ती थांबेचना, डोळ्यांतून पाणी आलं, आणि हनान गेल्यानंतर ती पहिल्यांदाच अशी हसते आहे हे एकाच वेळी सगळ्यांच्या लक्षात आलं. एल्यासाफ जोड्यांसकटच आत आला.

जेवायला दोन चटया अंथरल्या होत्या. एक घरच्यांची, तिच्यावर पवित्र वाटा. दुसरी पाहुण्यांची, तिच्यावर बाजारचं कोकरू, मसूर, जवाच्या भाकरी. मध्ये हातभर मोकळी फरशी. त्या फरशीवरून बोलणं इकडून तिकडे जायचं, पण ताट कधी जायचं नाही.

“मी सरळ बोलतो,” बरख्या म्हणाले. “हनानचं नाव चालायला हवं. एल्यासाफ तयार आहे.”

“आहे का?” मिल्काने मुलींच्या टोकावरून विचारलं.

“पोरी, मोठी माणसं बोलतायत,” यदाया म्हणाला.

“आहे म्हणजे,” एल्यासाफ ताटातला मसूर चाळवत म्हणाला, “नाही म्हटलेलं नाही. अहलाईने मात्र म्हटलंय. ती म्हणाली, वहिनी आल्या तर ती गच्चीवर राहायला जाईल आणि तिथून रोज माझ्या नावाने ओरडेल.”

“बायका ओरडतात, थांबतात,” हशब्या म्हणाला.

“तुम्ही अहलाईला ओळखत नाही.”

“माझी मुलगी घाईत कुठेही जाणार नाही,” यदाया म्हणाला. “ती माझ्या घरी सुखात आहे. लहानपणी होती तशी.”

“बाबा, मान्य,” हशब्याने समजुतीच्या सुरात सुरुवात केली, “पण उद्या तुमच्यामागे?”

“माझ्यामागे तू आहेस ना? मिल्काला मी सांभाळलीच की!”

सगळ्यांनी मिल्काकडे पाहिलं, सांभाळलेली बाई कशी दिसते ते बघावं तसं. तिने मान खाली घातली.

यदायाने मांडीच्या मांसाचा चांगला तुकडा निवडला, कापत्या हाताने तो भाकरीवर ठेवला आणि लेकीच्या हातात दिला. “खा.”

तिर्सा तो हातात धरून बसली.

पाहुण्यांसमोर ताट गुलामांकडे सरकवायची सोय नव्हती. मिल्काच्या हे आधीच लक्षात यायला हवं होतं. तिच्या मनात आलं, पटकन म्हणावं, तिचं पोट बिघडलंय. खोटंही नव्हतं ते फारसं. बोलणी आजच्यापुरती लांबतील, आणि आजची रात्र तरी ती माझ्या शेजारी निजेल. तिने तोंड उघडलंही.

“खात का नाहीस?” हशब्याने विचारलं.

“मला चालत नाही,” तिर्सा म्हणाली.

याजकाच्या घरात बाई असं म्हणाली की त्याचा एकच अर्थ घेतात. हशब्याने नजर वळवली. यदाया अवघडून म्हणाला, “मग बाळा, आज या चटईवर बसायचंच नाही ना. मागे जाऊन...”

“ते नाही, बाबा. ते बंद झालंय.”

पहिल्यांदा कळलं ते एल्यासाफला. “म्हणजे दादाचं मूल आहे?” तो उठून उभाच राहिला. “दादाचं मूल आहे! म्हणजे मी सुटलो! वहिनी, तुमचं भलं होवो! अहलाईला जाऊन सांगतो!”

“खाली बस, गाढवा,” बरख्या म्हणाले, पण त्यांचा आवाज फाटला. किल्ली खांद्यावरून घसरून ताटात पडली तरी त्यांनी ती उचलली नाही. दोन्ही हातांनी तोंड झाकून तो एवढा मोठा माणूस हमसून रडला. “माझा हनान,” एवढंच म्हणत राहिला.

मग डोळे पुसून ते म्हणाले, “सूनबाई, चल. आजच. माझा नातू माझ्या घरात जन्मेल.”

“थांबा,” हशब्या म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. “कधीपासून? तिर्सा, तू इतके दिवस पवित्र वाटा... मंदिरात कळलं तर? राजवाड्यात?”

“मला कळल्यापासून एक घास खाल्लेला नाही. मजुरांच्यात जेवते. आत्याला विचार.”

“आणि कळायच्या आधी?”

“आधीचं मी वाढलंय,” यदाया म्हणाला. “नकळत झालं ते भरून द्यायचं, वर पाचवा हिस्सा घालून. मी देईन. एवढ्या आनंदाने कुणी दिला नसेल. पण ती कुठेही जायची नाही.” तो एकदम ताठ बसला. “मूलबाळ नसलं तर, असं म्हटलंय. मूल म्हणजे जन्मलेलं. पोटात आहे तोवर ते आईचंच अंग. जन्मेपर्यंत तिला माझी भाकर चालते.”

“बाबा! कोणता जाणता याजक असं म्हणतो?”

“मी म्हणतो.”

“तुम्हीच मला उलट शिकवलंत. याच चटईवर.”

“तेव्हा माझी लेक गर्भार नव्हती,” यदाया म्हणाला, आणि त्याच्या आवाजात अशी काही विनवणी होती की हशब्यालाही पुढे बोलवेना. आयुष्यभर दुसऱ्यांना नियम सांगितलेला म्हातारा आज आपल्याच घरात नियमाच्या पाया पडत होता.

तिर्साने हातातली भाकर परत त्याच्यासमोर ठेवली. ती उठली, मधली फरशी ओलांडली आणि पाहुण्यांच्या चटईवर सासऱ्यांच्या शेजारी जाऊन बसली.

“मामंजी, मी येते,” ती म्हणाली. “पण हनानची बायको म्हणून येईन आणि त्याच्या पोराची आई म्हणून राहीन. पोर अहलाईच्या मांडीवर जाणार नाही.”

“तुझं पोर तुझंच,” बरख्या म्हणाले.

“तुम्ही दिवसभर राजवाड्यात असता.”

एल्यासाफने घसा साफ केला आणि म्हणाला, “वहिनी म्हणतात ते खरं आहे, बाबा. तुम्ही घरी नसता. मी असतो, पण मला अहलाईसमोर बोलता येत नाही.”

त्याच्या आयुष्यातलं हे बहुधा सगळ्यात धीट वाक्य असावं.

मिल्का उठली तेव्हा गुडघे वाजले. सगळ्यांना वाटलं, पाणी आणायला निघाली. ती फरशीपाशी आली, थांबली, आणि पलीकडे जाऊन तिर्साच्या बाजूला बसली.

“मी जाते हिच्याबरोबर,” ती म्हणाली. “मला अहलाईची भीती वाटत नाही. इतकी वर्षं याजकांच्यात काढलीत.”

“पोरी, तुला काय वेड लागलंय?” यदाया ओरडला. “तुझा इथे हक्क आहे! मरेपर्यंत या भाकरीवर हक्क आहे तुझा!”

“आहे ना, दादा. मूल नव्हतं म्हणून मिळालेला हक्क. खाल्ला पोटभर.”

“कारभाऱ्यांच्या घरी पवित्र वाटा मिळायचा नाही, आत्या,” हशब्या म्हणाला. तो चिडला नव्हता. त्याला खरंच काळजी वाटत होती.

“बरंच आहे. त्यांच्याकडची भाकर शिळी झाली तर कुत्र्याला तरी टाकता येते. आपल्याकडे उरलेला तुकडासुद्धा जाळत बसावं लागतं.”

एल्यासाफ हसला. बरख्या हसले नाहीत. ते माणसांच्या जागा ठरवणारे गृहस्थ होते, राजवाड्यात कोण कुठे बसतो हे त्यांना ठरवावं लागे, आणि तसंच त्यांनी सरळ, आदराने विचारलं, “बाई, यायला माझी ना नाही. पण माझ्या घरात तुम्हाला कोण म्हणून बसवू? सुनेच्या माहेरची पोक्त बाई म्हणून? पाहुणी म्हणून? अहलाई पहिल्याच दिवशी हेच विचारेल.”

इतक्या वर्षांत मिल्काला कुणी हे विचारलंच नव्हतं. तिने भावाकडे पाहिलं, भाच्याकडे पाहिलं. तिला आपल्यासाठी ‘पोरी’खेरीज दुसरा शब्दच सापडेना.

“आजी म्हणून,” तिर्सा म्हणाली. “माझी आई नाही, हनानची आई नाही. पोराला आजी नको का?”

मिल्काने तोंड फिरवलं. ओठ हलायला लागले होते आणि पाहुण्यांसमोर रडायचं नव्हतं. पुढ्यात जवाची भाकर होती, तीच तिने घाईने मोडली आणि तोंडात कोंबली. खरखरीत होती, घशाला टोचत होती. तिने आणखी एक तुकडा मोडला.

“आजीबाई, मसूर घ्या,” बरख्या म्हणाले, आणि वाडगा तिच्याकडे सरकवला.

पलीकडच्या चटईवर यदायाने सवयीने मिल्काचा वाटा काढून हातात धरला होता. तो तसाच पुढे केलेला राहिला. पाहुण्यांना तो चालत नव्हता. लेकीला चालत नव्हता. बहिणीला चालत होता, पण ती घेणार नव्हती. हशब्याने मान खाली घातली होती. यदायाच्या मनगटावरून तेल ओघळत होतं. शेवटी यदायाने तो घास स्वतःच्याच तोंडात घातला, आणि चावता चावता लहान मुलासारखा रडू लागला.

“सावकाश खा, दादा,” आजी पलीकडून म्हणाली.